एकोणीस मुलं, सत्तेचाळीस आकडे

शारीरिक शिक्षणाच्या पदवीला मी त्रेचाळिसाव्या वर्षी नाव घातलं. हौस म्हणून नाही. आष्टीतल्या एका खासगी शाळेत मी सहा वर्षं तासावर पी.टी. शिकवत होते. शाळेत असताना खो-खो खेळले होते, तालुक्याच्या संघात होते, एवढीच माझी पात्रता. नवे मुख्याध्यापक आले आणि म्हणाले, मॅडम, शिकवता चांगलं, पण कागद लागतो. घरी विचार केला. मुलगी बारावीला, मुलगा नववीला, नवरा एसटीच्या डेपोत मेकॅनिक. सकाळचा डबा पावणेआठला तयार झाला की माझा दिवस मोकळा. दोन वर्षं निघतील असा हिशोब बसला.

माझा स्वभावच मोजण्याचा. गॅसची टाकी कोणत्या तारखेला लावली ते ओट्याच्या वरच्या भिंतीवर पेन्सिलीनं लिहिलेलं असतं. नळाला पाणी किती दिवसांनी आलं तेही. नवरा म्हणतो, आपल्या घरात लाइटचा एक मीटर बाहेर आणि दुसरा आत आहे. टाकी देणाऱ्या माणसाच्या पावतीवर सही करतानाही मी नंबर ताडून बघते, तो दारात कंटाळून उभा असतो. हे सगळं आधी सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं त्यातली पहिली चूक माझीच होती आणि ती सहीचीच होती.

कॉलेज रस्त्याला लागून होतं. तीन खोल्या, एक पत्र्याचं शेड आणि मागं मैदान. माहितीपत्रकात चारशे मीटरची धावपट्टी लिहिली होती. मी पहिल्या आठवड्यात पावलांनी मोजली, नंतर टेपनं मोजली. दोनशे बासष्ट भरली. आम्हाला शिकवणाऱ्या सरांना सांगितलं तर ते म्हणाले, मैदान वाढवायचं आहे, प्रस्ताव गेलाय. आमच्या वर्गात पटावर बावन्न जण होते. मी रोज जायची आणि रोज मोजायची. सर्वांत जास्त हजेरी चौदा, तीही फीची तारीख होती म्हणून. बाकीचे परीक्षेला येणार होते आणि तसं त्यांना प्रवेश घेतानाच सांगण्यात आलं होतं. हजेरीच्या वहीत मात्र बावन्नच्या बावन्न जण रोज कवायत करत होते.

लांब उडीचा खड्डा होता. त्यात वाळू कमी आणि कुत्र्यांची घाण जास्त. कडेला गुटख्याच्या पुड्या, थुंकीचे लाल डाग. मी एकदा घरून खराटा आणि घमेलं नेलं आणि दोन घमेली घाण काढली. हाताला वास राहिला तो संध्याकाळच्या भाकरीपर्यंत. दुसऱ्या दिवशी खड्डा होता तसा. बायकांच्या संडासाला कुलूप होतं आणि किल्ली शिपायाकडं, शिपाई अकराला यायचा. मी सकाळी पाणी कमी प्यायची सवय लावून घेतली. आणि वर्गात विषय चालू होता ‘आरोग्य आणि स्वच्छता’.

‘मनोरंजन आणि उद्यान व्यवस्थापन’ असाही एक पेपर होता. त्यासाठी बागेला भेट द्यायची होती. आम्ही गेलो त्या बागेत व्यायामाची सात यंत्रं बसवलेली. दोन मोडलेली, एकाला शेळी बांधलेली, एकावर गोधड्या वाळत घातलेल्या. झाडाखाली चौघं बाटली घेऊन बसले होते, दुपारचे साडेतीन वाजले होते. बाई माणूस एकही नव्हतं. मी हे असंच अहवालात लिहिलं. सरांनी मला बाजूला बोलावून हळू आवाजात सांगितलं की मॅडम, शेळी कशाला, ‘नागरिक मोठ्या प्रमाणावर लाभ घेतात’ असं लिहा. सरांचं वय माझ्याहून चार-पाच वर्षांनी कमी. माणूस उद्धट नव्हता. पोट सुटलेलं, शिट्टी गळ्यात कायम, पण वाजवलेली मी ऐकली नाही. ते मला मॅडम म्हणायचे आणि खुर्ची द्यायचे. मी शेळी तशीच ठेवली. दहापैकी चार मार्क मिळाले.

तोपर्यंत मला वीट आला होता, पण तो माझ्यापुरता होता. खरी शिसारी दुसऱ्या वर्षी आली.

दुसऱ्या वर्षी शाळेवर जाऊन पाठ घ्यायचे असतात. सहा-सहा जणांचे गट पाडले. आमच्या गटाला कडा गावाच्या बाजूची एक जिल्हा परिषदेची शाळा आली, आठवीपर्यंतची. पाठांबरोबर मुलांची शारीरिक क्षमता चाचणी घ्यायची होती. पन्नास मीटर धावणे, जागेवरून लांब उडी, अर्ध्या मिनिटातल्या उठाबशा, असे प्रकार. प्रत्येक मुलाचे आकडे तक्त्यात भरायचे, सरासरी काढायची, आलेख काढायचा. कमीत कमी चाळीस मुलं हवीत असा नियम. त्या शाळेत सहावी, सातवी, आठवी मिळून पटावर सत्तेचाळीस होती, म्हणून ती शाळा निवडली.

गटात मी सोडून पाच पोरं. सगळी बावीस-तेवीसची. मला काकू म्हणायची आणि माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी संपवायची. गटप्रमुख होता तो जिममध्ये कमावलेल्या अंगाचा, हुशार, गोड बोलणारा. पहिल्या दिवशी शाळेच्या फाटकाशी जीपच्या बॉनेटवर त्यानं बारा कोरे कागद ठेवले आणि प्रत्येकाच्या खाली सहा जणांच्या सह्या मागितल्या. मी विचारलं, कशाच्या. तो म्हणाला, “काकू, फायलीची पानं हायेत. तुमी सव्वाचारच्या गाडीनं जाता. प्रत्येक पानाला तुम्हाला कुठं हुडकत बसू?”

गाडी खरंच सव्वाचारची होती आणि चार वाजून सहा मिनिटं झाली होती. मी बारा सह्या केल्या. पावतीचा नंबर ताडून बघणाऱ्या बाईनं बारा कोऱ्या कागदांवर सह्या केल्या आणि पळत जाऊन गाडी पकडली.

त्याच दिवशी चाचणीचे फोटो निघाले होते. बॅनर लावलं, पोरांना एका ओळीत उभं केलं, शिट्टी वाजवून दोनदा पळवलं, कारण पहिल्यांदा फोटोत बॅनर अर्धंच आलं. सह्या झाल्या तसे पाचही जण फाट्यावरच्या हॉटेलात चहाला निघाले. ‘चल बे, झालं काम,’ असं एकजण दुसऱ्याला म्हणाला ते मी ऐकलं. मला वाटलं, आजचं काम झालं असेल.

दुसऱ्या दिवशी मी टेप, चुना आणि घड्याळ घेऊन गेले. गटातलं कोणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी दोन दिवसांत एकटीनं चाचणी घेतली. पन्नास मीटर टेपनं दोनदा मोजले, दोन्ही टोकांना चुन्याची रेघ मारली. प्रत्येक मुलाला दोन संधी दिल्या आणि चांगली वेळ लिहिली. मुलं एकोणीस. बाकीची अठ्ठावीस कुठं आहेत हे त्या गावात विचारायची गरज नसते. दिवाळी होऊन तीन आठवडे झाले होते. ती आईबापांबरोबर उसाला गेली होती, कोणी सांगलीकडं, कोणी कर्नाटकात.

त्या एकोणिसांत सातवीतली एक मुलगी होती. मेंढपाळाच्या घरची. उंची माझ्या खांद्याएवढी, पाय लांब, पायात काही नाही. पहिल्यांदा पळाली आणि मी घड्याळ बघितलं तर सात पूर्णांक नऊ सेकंद. मला वाटलं माझं बोट चुकलं. पुन्हा टेप लावून अंतर मोजलं, बरोबर होतं. दुसऱ्यांदा सात पूर्णांक आठ. तिच्या मागची मुलगी नऊला आली, मुलांमधला सगळ्यात जोरात पळणारा आठ पूर्णांक दोनला. मी तिला विचारलं, एवढं पळायला कुठं शिकलीस. तिनं माझ्याकडं असं बघितलं की हा काय प्रश्न आहे. म्हणाली, “कोकरू पळालं की पळावं लागतं.”

मी हे त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना सांगायला गेले. ते खूश झाले. त्यांच्याकडं एक पत्र आलेलं होतं. बीडला निवासी क्रीडा शाळेसाठी निवड चाचणी होती, प्रत्येक शाळेनं दोन मुलींची नावं पाठवायची होती. निवड झाली तर राहणं, जेवण, शाळा, सराव सगळं तिथंच. वयाची अट होती आणि ती मुलगी त्या अटीत शेवटच्या वर्षाला बसत होती. मुख्याध्यापक म्हणाले, तुमच्या कॉलेजची यादी आली की त्यातलीच पहिली दोन नावं टाकतो, आम्हाला वेगळी चाचणी घ्यायला वेळ कुठाय.

दुपारी तिचा बाप मेंढरं घेऊन शाळेच्या मागच्या रानात आला होता. मीच त्याच्याकडं गेले आणि बीडच्या शाळेचं सांगितलं. त्यानं सरळ सांगितलं की संक्रांतीनंतर ते गोदावरीकडं निघणार, बायकोचा गुडघा धरलाय, तेव्हा पोरीला या वेळी सोबत न्यावंच लागंल. बीडला राहायची सोय झाली तर मात्र नेणार नाही. आतापर्यंत प्रत्येक वर्षी तिला चुलतीकडं ठेवली, आता चुलती नको म्हणते. त्यानं मला दोनदा विचारलं की नक्की का. मी म्हणाले, नाव लागणारच, तिच्याएवढं शाळेत कोणी पळत नाही. हे मी त्याला मोजून सांगितलं होतं, म्हणून मला त्यात काही चूक दिसली नाही.

एकोणीस मुलांचे आकडे मी स्वच्छ अक्षरात गटप्रमुखाला दिले. तो म्हणाला, भारी काम केलं काकू.

दहा दिवसांनी फाइल सरांच्या टेबलावर दिसली. मी सहज उघडली. तक्त्यात सत्तेचाळीस मुलं होती. सत्तेचाळीसांची धाव, सत्तेचाळीसांची उडी, सत्तेचाळीसांच्या उठाबशा. उसाच्या फडात असलेली अठ्ठावीस मुलं आमच्या चुन्याच्या रेघांमधून पळाली होती आणि त्यांच्या वेळा दशांशात लिहिल्या होत्या. मुलींत पहिली आलेली आठ पूर्णांक एक, दुसरी आठ पूर्णांक तीन. त्या दोघींना मी बघितलेलंही नव्हतं, दोघी उसाला होत्या. मेंढपाळाच्या मुलीचं नाव एकतिसाव्या ओळीत, वेळ नऊ पूर्णांक आठ. खाली सहा सह्या. सहावी माझी, ठसठशीत, पूर्ण नावाची.

मी ओळीवर बोट ठेवून तीन वेळा वाचलं. त्या उडीच्या खड्ड्यातली घाण उपसल्यावर हाताला राहिला होता तसाच वास आला, फरक एवढाच की या घाणीखाली माझी सही होती.

गटप्रमुखाला फोन लावला. त्यानं काही लपवलं नाही. तक्ता पहिल्याच दिवशी फाट्यावरच्या हॉटेलात भरून झाला होता. माझे एकोणीस आकडे आले तेव्हा आलेख आधीच काढलेला होता. सरांना आलेख मधे उंच आणि दोन्ही बाजूंनी उतरता लागतो, घंटेसारखा. सातच्या घरात कोणी घातलं की एका बाजूला शेपूट निघत होतं. म्हणून त्यानं माझे आकडे घेतले नाहीत. मी म्हणाले, अरे, पण पहिल्या आलेल्या त्या दोघी शाळेतच नाहीत. तो समजुतीच्या आवाजात म्हणाला, “काकू, आल्यावर पळतीलच की. कावून एवढं मनाला लावून घेता? सगळे असंच करतात.”

सरांकडं गेले. ते फाइल मिटून माझ्यापुढं खुर्ची सरकवत म्हणाले, बसा. मी उभीच राहिले. मी म्हणाले, माझी सही खोट्या कागदावर आहे, ती काढायची आहे. त्यांनी मला शांतपणे समजावलं की सही काढली तर फाइल अपूर्ण, फाइल अपूर्ण तर सहाही जणांचं प्रात्यक्षिक थांबलं, पाच पोरांचं वर्ष गेलं, त्यातल्या दोघांची लग्नं ठरलीत. मी विचारलं, आणि त्या मुलीचं वर्ष. सर म्हणाले, “मॅडम, आपण अभ्यास केलाय. निवड आपण केली नाही. त्या यादीचं पुढं कोणी काय केलं याला आपण जबाबदार कसे?”

त्यांना खरंच तसं वाटत होतं. मला त्या माणसाचा राग आला असता तर बरं झालं असतं. मला फक्त किळस आली, खोलीची, फाइलीच्या प्लॅस्टिकची, त्यांच्या गळ्यातल्या शिट्टीची.

तिथून मी कड्याकडच्या त्या शाळेत गेले. मुख्याध्यापकांनी दोन नावं आधीच पाठवली होती. उसाला गेलेल्या त्या दोघींची. मी त्यांना विचारलं, तुमच्याच हजेरीत त्या दोघी महिनाभर गैरहजर आहेत, तुम्ही नावं लिहिताना बघितलं नाही का. ते म्हणाले, कॉलेजचा तक्ता होता, विद्यापीठाचं काम, त्याच्यावर मी कसा संशय घ्यायचा. मी माझा एकोणिसांचा कागद आणि एक अर्ज पुढं ठेवला. अर्जात लिहिलं होतं की मी कोऱ्या कागदावर सही केली, तक्ता खरा नाही, खरे आकडे सोबत जोडले आहेत. त्यांनी अर्ज वाचला, घडी घातली आणि टेबलाच्या काचेखाली सरकवला. आवक नंबर टाकला नाही. पाठवलेली नावं बदलायची म्हणजे आधीची का पाठवली हे लिहून द्यावं लागतं, असं ते म्हणाले. मग जरा आवाज उतरवून त्यांनीच वाट काढली. “तुमी तिला घेऊन जा. त्या दोघी काय येत न्हाईत. दोन जागा मोकळ्याच राहणार. तिथं बोलून बघा, माणसंच हायेत.”

दोन जागा मोकळ्या ठेवायची त्यांची तयारी होती. एक कागद बदलायची नव्हती.

निवडीच्या दिवशी मी, ती मुलगी आणि तिचा बाप सकाळच्या पहिल्या गाडीनं बीडला गेलो. बापानं मेंढरं भावाच्या हवाली केली होती. पांढरा स्वच्छ सदरा, पटका. मुलीच्या पायात माझ्या मुलीचे जुने बूट होते, पुढं कापूस भरून बसवलेले. वाटेत मी त्याला सगळं सांगितलं, बारा कोऱ्या कागदांसकट. त्यानं ऐकून घेतलं. खिडकीबाहेर बघत राहिला.

मैदानावर टेबल टाकून तिघं बसले होते. आमच्या शाळेच्या नावापुढं दोन मुली, दोघी गैरहजर. आमच्या मुलीचं नाव नाही. मी माझा कागद दाखवला. टेबलावरच्या माणसानं वेळ वाचली, भुवया उंचावल्या, मुलीच्या पायांकडं बघितलं. चांगला माणूस होता, मदत करायला निघाला होता. म्हणाला, यादीत नवं नाव घालायचा अधिकार मला नाही. पण या दोघी आलेल्याच नाहीत. एकीच्या नावावर हिला पळू द्या. निवड झाली की नंतर नावातली दुरुस्ती होते. फक्त इथं सोबत आलेल्या शिक्षिकेची सही लागेल की हीच ती मुलगी.

त्यानं फॉर्म माझ्याकडं फिरवला आणि पेन दिलं.

बाप माझ्या मागं होता. तो म्हणाला, “चालंल की. नाव थोडंच पळणार हाय? पोरगी पळणार हाय.”

मी फॉर्म वाचला. वरून खाली, दोनदा. ‘सदर विद्यार्थिनी हीच असून मी तिला व्यक्तिशः ओळखते.’ खाली रेघ. मी हिशोब केला, आणि तो मी आजही करते. सही केली तर ती आत जाईल. नंतर नाव दुरुस्त झालं तर ठीक. झालं नाही तर उसावरून परत आलेली मुलगी दाखला घेऊन उभी राहील, जागा तिच्या नावावर असेल. किंवा हिला कायम दुसऱ्या पोरीच्या नावानं हाक मारतील आणि एक दिवस कोणी कागद ताडून बघेल, तेव्हा खोटी ठरेल ती हीच. आणि माझी सही पुन्हा खोट्यावर. असं सगळं मी तिथं उभी राहून मनात मांडलं. पण खरं सांगायचं तर हात थांबला तो या हिशोबानं नाही. त्या रेघेवर सही करायचा विचार आला आणि हाताला परत तोच वास आला. एवढंच.

मी पेन खाली ठेवलं. म्हणाले, हिच्या नावानं घेणार असाल तर सही करते, दुसऱ्या नावानं नाही.

टेबलावरच्या माणसानं फॉर्म आत ओढला आणि मागच्या शाळेला पुढं बोलावलं. मुलगी बापाकडं बघत होती, मग माझ्याकडं. तिला अजून कळलं नव्हतं. तिनं विचारलं, “मी कवा पळायचं?”

शर्यती संपत आल्यावर धावपट्टीच्या टोकाला उभ्या असलेल्या एका प्रशिक्षकानं तिला बोलावलं. टेबलावरच्यानंच त्याला सांगितलं असावं. शेवटच्या गटाबरोबर, नंबर न लावता, कडेच्या रेघेतून पळू दिलं. बूट तिनं आधीच काढून माझ्या हातात दिले होते. ती सगळ्यांच्या पुढं दोन हात आली. प्रशिक्षकानं घड्याळ बघितलं, शेजारच्याला दाखवलं, दोघं काहीतरी बोलले. मी जवळ जाऊन वेळ विचारली. सात पूर्णांक सहा. मी वही काढेपर्यंत त्यानं बटण दाबून घड्याळ शून्यावर आणलं. लिहायला त्याच्या कागदावर तिच्यासाठी ओळच नव्हती.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी झोपली. बाप माझ्या पलीकडच्या सीटवर बसला होता. जामखेड फाटा गेल्यावर तो पहिल्यांदा बोलला. आवाज चढवला नाही.

“बाई, पहिल्या बारा सह्या फुकट दिल्या तुमी. तेरावी लई महाग करून ठेवली.”

उतरताना त्यानं माझी पिशवी खाली घेतली, राम राम म्हणाला, आणि ती दोघं फाट्यावरून गावाकडं चालत गेली.

पुढचं थोडक्यात. मी कॉलेजला लेखी दिलं की माझी सही ग्राह्य धरू नये. या वेळी दोन प्रती केल्या आणि आवक नंबर घेतल्याशिवाय हलले नाही. वर्ष कोणाचंच गेलं नाही, माझं सोडून. फाइल पाच जणांच्या नावावर मंजूर झाली. मी ती नंतर एकदा बघितली. बाराही पानांवर माझ्या सहीच्या जागी व्हाइटनरचा पांढरा पट्टा होता. आतला एकही आकडा बदललेला नव्हता. एकतिसाव्या ओळीत ती मुलगी अजून नऊ पूर्णांक आठलाच पोचत होती. पोरं पास झाली. गटप्रमुख एका शाळेत लागलाही. भेटला की अजून काकू म्हणून वाकतो, आणि मी पाय मागं घेते.

मुख्याध्यापकांची बदली झाली. मोकळ्या राहिलेल्या दोन जागांबद्दल त्यांना कोणी काही विचारलं नाही.

ती मुलगी संक्रांतीनंतर मेंढरांमागं गोदावरीकडं गेली. पाऊसकाळ लागला तशी परत आली. शाळेनं तिला पुढच्या वर्गात घातलं होतं. वयाची अट मात्र ओलांडली होती.

या वर्षी मी राहिलेलं प्रात्यक्षिक पूर्ण करते आहे. नवा गट, नवी पोरं, पण शाळा मी मागून तीच घेतली. दिवाळीच्या आधीच गेले, म्हणजे मुलं उसाला निघायच्या आत. टेप दोनदा लावला, चुना मारला. बेचाळीस मुलं हजर होती आणि मी बेचाळीस जणांना स्वतः मोजलं. एकेक नाव घेत आठवीपर्यंत आले. तिचं नाव घेतलं. ती भिंतीच्या सावलीत बसली होती, वर्षभरात बोटभर उंच झालेली. उठली नाही.

मी म्हणाले, ये, दोन संधी आहेत.

“मला न्हाई पळायचं.”

मैत्रिणी हसल्या. एक म्हणाली, बाई, ती तर बसच्या फुडं पळती. ती हसली नाही. माझ्याकडं सरळ बघत बसून राहिली. मी दुसऱ्यांदा बोलावलं नाही. बोलावण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतं.

तक्त्यात तिच्या नावापुढच्या चौकटी मी कोऱ्या ठेवल्या नाहीत, कोरी जागा कोणीतरी भरतं. मी पेननं लिहिलं: हजर. धावली नाही.